दंडावर खूण उठली नाही, म्हणजे लस लागलीच नाही का?

प्रश्न : आमची नात सात महिन्यांची आहे. तिचा जन्म सुनेच्या माहेरी, नाशिकला झाला. कार्डावर बीसीजी दिल्याची नोंद आहे, पण दंडावर खूण काही उठलेली नाही. शेजारच्या बाई म्हणतात, लस लागली नाही, पुन्हा टोचून घ्या. मुलगा म्हणतो, ती लस घेऊनही टीबी होतोच, मग कशाला जिवाला घोर लावून घेतेस. आमच्या इमारतीत टीबीचे दोन पेशंट आहेत आणि दोघांच्याही दंडावर खूण आहे. कुणाचं खरं मानायचं?
— एक आजी, बदलापूर (पूर्व)

उत्तर : आजी, आधी शेजारणीच्या म्हणण्याचं उत्तर देते, कारण तुमचा निर्णय त्यावर अडला आहे. पुन्हा टोचून घेऊ नका. कार्डावर तारखेसह नोंद आहे म्हणजे लस मिळाली आहे. खूण उठली नाही तरी दुसरा डोस द्यायची गरज नाही, असं आपल्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमाच्या सूचनांत स्वच्छ लिहिलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेचं मतही तेच आहे. लस व्यवस्थित मिळूनही साधारण दहातल्या एका बाळाच्या दंडावर खूण राहत नाही.

ही खूण येते कशी, ते ज्या घरी नुकतं बाळ आलंय त्यांच्यासाठी सांगून ठेवते. बीसीजी मांसात टोचत नाहीत. कातडीच्या थरातच सोडतात. टोचल्यावर तिथे पांढुरका फुगवटा येतो आणि थोड्या वेळात जिरतो. पुढे दोन-तीन आठवडे काहीच दिसत नाही. सगळे विसरून जातात, आणि मग अचानक तिथे पुटकुळी दिसायला लागते. पाचव्या आठवड्यापर्यंत ती ४ ते ८ मिलिमीटरची होते, कधी फुटते, थोडा पू येतो, खपली धरते. सहा ते बारा आठवड्यांत आपोआप भरून येते आणि गोल खूण मागे राहते. या दिवसांत घरचे घाबरून हळद लावतात, मलम लावतात, शेक देतात. काहीही लावू नका. बाळाला न्हाऊ-माखू घालायला बाई येत असेल तर तिलाही सांगा, की तेल चोळताना डाव्या दंडावरची तेवढी जागा सोडायची. डाव्याच दंडावर का, तर देशभर एकच जागा ठरलेली असली की पाहणीला आलेल्या माणसाला दंड बघूनच लस मिळाली का ते समजतं. एवढंच कारण आहे.

आता तुमच्या मुलाचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच घराघरांत टिकून राहिलं आहे. मोठेपणी होणारा फुप्फुसाचा टीबी रोखण्याचं काम बीसीजीकडून भरवशाने होत नाही. तुमच्या इमारतीतले दोघे त्याचंच उदाहरण आहेत. पण तुमच्या नातीला ही लस द्यायची, ती नात चाळीस वर्षांची होईल तेव्हासाठी नाही. तिच्या पहिल्या काही वर्षांसाठी द्यायची आहे.

टीबीचा जंतू बाळाकडे जवळजवळ नेहमी मोठ्या माणसाकडून येतो. कुणीतरी खोकतं, बंद खोलीतल्या हवेत जंतू तरंगत राहतात, बाळ तीच हवा ओढतं. असाच जंतू निरोगी मोठ्या माणसाच्या छातीत गेला तर बहुतेक वेळा शरीर त्याला कोंडून ठेवतं. अशा शंभर माणसांपैकी पाच ते दहा जणच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. वर्षाच्या आतल्या बाळाला हे कोंडणं जमत नाही. त्याची प्रतिकारशक्ती अजून घडत असते. औषधं निघण्यापूर्वीच्या काळातल्या नोंदी सांगतात, की या वयात संसर्ग झालेल्या जवळजवळ निम्म्या बाळांना आजार व्हायचा आणि शंभरातल्या दहा ते वीस बाळांना तो मेंदूच्या आवरणापर्यंत जायचा किंवा सर्वांगभर पसरायचा. दोन वर्षांनंतर हा धोका बराच उतरतो. म्हणून सगळी घाई पहिल्या वर्षाची.

सर्वांगभर पसरलेल्या टीबीला मिलिअरी टीबी म्हणतात. जंतू रक्तातून फुप्फुसं, यकृत, प्लीहा, हाडांचा मगज असा सगळीकडे जातो. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांवर राळ्याचे दाणे उधळल्यासारखे बारीक ठिपके दिसतात. राळ्याच्या जातीच्या धान्यावरूनच जुन्या युरोपीय वैद्यांनी हे नाव दिलं. बाळाचं वजन झपाट्याने उतरतं, ताप हटत नाही, श्वास वाढतो.

मेंदूच्या आवरणाच्या टीबीबद्दल मात्र मला थोडं थांबून सांगायचं आहे, कारण त्याची सुरुवात फार फसवी असते. बारीक ताप. बाळ खेळत नाही, चिडचिडं होतं, दूध कमी पितं, मधूनच ओकतं, जास्त वेळ पेंगून राहतं. दात येत असतील, पोट बिघडलं असेल, दृष्ट लागली असेल, असं म्हणत आठवडा जातो, कधी दोन. तोवर मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचायला लागलेला असतो. त्याने मेंदूतल्या पाण्याची वाट बुजते आणि डोक्यात पाणी साठतं. तिथून जाणाऱ्या रक्तवाहिन्या सुजून बंद पडल्या तर एवढ्याशा लेकराला अर्धांगवायू होतो. झटके येतात, डोळे तिरळे होतात, शुद्ध हरपते. २०१४ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा दिसलं, की उपचार मिळालेल्या मुलांतही पाचातलं जवळजवळ एक मूल दगावतं. वाचतात त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांना काही ना काही अपंगत्व राहतं : ऐकू न येणं, नजर जाणं, चालता न येणं, शाळेत मागे पडणं. औषध आहे, पण ते पोचेपर्यंत मेंदूचं नुकसान झालेलं असतं. म्हणून इथे आधीच अडवण्याचं मोल एवढं मोठं आहे.

बीसीजी इथेच कामाला येते. २००६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या हिशेबानुसार, मेंदूच्या आवरणाच्या टीबीपासून ही लस मुलांना सुमारे ७३ टक्के संरक्षण देते आणि मिलिअरी टीबीपासून सुमारे ७७ टक्के. एका वर्षात, २००२ मध्ये, जगभर सुमारे दहा कोटी बाळांना ती दिली गेली. त्यामुळे त्या बाळांच्या पहिल्या पाच वर्षांत मेंदूच्या टीबीची जवळजवळ तीस हजार आणि मिलिअरी टीबीची साडेअकरा हजार आजारपणं टळली, असा तो अंदाज आहे. दुसऱ्या बाजूने, ७३ म्हणजे १०० नव्हे. लस झालेल्या बाळाला दोन आठवडे ताप हटत नसेल, वजन थांबलं असेल, ते सुस्त पडलं असेल, तर ‘बीसीजी झालीय ना’ म्हणून टीबीची शंका बाजूला सारू नका. डॉक्टर पाठीतलं पाणी काढून तपासायचं म्हणाले तर नकार देऊ नका. त्याने मूल लुळं पडत नाही. मेंदूच्या टीबीचं निदान वेळेत होण्यासाठी ती तपासणी फार महत्त्वाची आहे.

आजी, तुम्ही आजी म्हणून विचारलंत म्हणून एक हकिकत सांगते. फ्रान्समध्ये लील शहरातल्या पाश्चर संस्थेत आल्बेर काल्मेत हे डॉक्टर आणि कामीय गेरँ हे पशुवैद्य १९०८ पासून गाईच्या टीबीच्या जंतूवर काम करत होते. पित्त आणि ग्लिसरीन घातलेल्या बटाट्याच्या कापावर तो जंतू वाढवायचा, दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर घ्यायचा. पहिल्या महायुद्धात शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं तरी हे चालूच राहिलं. तेरा वर्षांत २३० वेळा कापपालट केल्यावर जंतू जिवंत राहिला, पण त्याची आजार घडवण्याची ताकद गेली. बीसीजी म्हणजे या दोघांच्या नावांनी ओळखला जाणारा तो जंतू. १९२१ च्या जुलैमध्ये पॅरिसमध्ये एका नवजात बाळाला ही लस पहिल्यांदा दिली, तेव्हा तोंडावाटे. त्या बाळाची आई बाळंतपणानंतर काही तासांतच टीबीने गेली होती आणि बाळाला आता आजीने वाढवायचं होतं. त्या आजीलाही टीबी होता. बाळाला टीबी झाला नाही. ज्या घरात खोकणारं माणूस आहे आणि बाळाला त्याच घरात वाढायचं आहे, त्या बाळासाठी ही लस पहिल्या दिवसापासून आहे.

तिच्याविषयीची भीतीही जुनी आहे. १९३० मध्ये जर्मनीतल्या ल्यूबेक शहरात सुमारे अडीचशे बाळांना लस पाजली गेली आणि ७२ बाळं दगावली. चौकशीत निघालं, की तिथल्या प्रयोगशाळेत लशीत टीबीचा खरा, घातक जंतू मिसळला गेला होता. दोष लशीचा नव्हता, हाताळणीचा होता. पण अशा बातमीचा धसका पिढ्यान्‌पिढ्या जात नाही.

आपल्याकडच्या वादाचा तर तुमच्या शेजारच्या गावाशी एक धागा आहे, आणि तो इथल्या फार लोकांना ठाऊक नसावा. महायुद्धाच्या काळातल्या लष्करी छावणीत, म्हणजे कल्याण कॅम्पात, फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या वसाहतीला उल्हासनगर नाव मिळालं आणि कोनशिला बसवली ती गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी ऊर्फ राजाजी यांनी. त्याच सुमारास बीसीजी भारतात येत होती. १९४८ मध्ये मद्रासच्या गिंडीत लस बनवणारी प्रयोगशाळा उभी राहिली आणि मदनपल्लीच्या क्षयरोग आरोग्यधामातून टोचणीची सुरुवात झाली. पुढे देशव्यापी मोहीम निघाली. केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर तिच्या खंद्या पाठीराख्या होत्या, आणि १९५५ मध्ये तिला जाहीर विरोध करणारी पुस्तिका ज्यांनी लिहिली ते हेच राजाजी. निरोगी माणसांच्या अंगात सरकारने जिवंत जंतू का घालावेत, आणि त्याचा उपयोग होतो याचा पुरावा काय, असा त्यांचा रोख होता.

पुराव्याचा प्रश्न रास्त होता. त्याचं उत्तर शोधायला १९६८ मध्ये त्यांच्याच राज्यात, चेंगलपट्टू जिल्ह्यात, जगातला सर्वांत मोठा बीसीजी प्रयोग सुरू झाला. अडीच लाखांहून अधिक लोकांना लस किंवा नुसतं द्रावण टोचलं आणि पंधरा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. निकाल निराशेचा आला : मोठ्यांच्या फुप्फुसाच्या टीबीपासून लशीने संरक्षण दिलं नाही. ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांत मात्र तीच लस चांगली चालली होती. उष्ण प्रदेशातल्या माती-पाण्यात टीबीच्या जंतूचे निरुपद्रवी भाऊबंद भरपूर असतात. लहानपणापासून त्यांच्याशी गाठ पडल्याने लशीचा वेगळा परिणाम उरत नाही, असं यामागचं एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. तुमचा मुलगा जे म्हणतो त्याचा उगम या निकालात आहे. पण चेंगलपट्टूचा प्रयोग फुप्फुसाच्या टीबीचा होता. तान्ह्या बाळांच्या मेंदूचा टीबी मोजण्यासाठी तो आखलेलाच नव्हता. तो निकाल ऐकून सरकारने बाळांची लस बंद केली असती तर फार मोठी चूक झाली असती, असं माझं स्पष्ट मत आहे. सुदैवाने तसं झालं नाही. १९७८ पासूनच्या लसीकरण कार्यक्रमात आणि मग १९८५ पासूनच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात बीसीजी बाळाच्या जन्माशीच जोडली गेली. आज पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून ती जगभर जाते.

मुलाला एवढंच सांगा : नातीची लस वाया गेलेली नाही, आणि इमारतीतल्या टीबीचा बंदोबस्त त्या लशीने होणार नाही. त्यासाठी त्या दोघांचे उपचार पूर्ण व्हायला हवेत.

प्रश्न : बाळ खासगी प्रसूतिगृहात झालं. तिथे बीसीजी मिळाली नाही, ठरावीक वारी या म्हणाले. घरात सव्वा महिना बाळाला बाहेर काढायचं नाही असा दंडक. आता बाळ पाच आठवड्यांचं आहे. उशीर झाला का? आणि ही लस रोज का देत नाहीत?
— एक बाबा, अंबरनाथ (पश्चिम)

उत्तर : उशीर झाला, पण वेळ गेलेली नाही. जन्मताच किंवा शक्य तितक्या लवकर, आणि राहिलीच तर वर्ष पूर्ण होईपर्यंत बीसीजी देता येते. याच आठवड्यात घेऊन जा. महिन्याच्या आतल्या बाळाला ०.०५ मिलिलिटर देतात, कारण तेव्हा कातडी फार पातळ असते. तुमच्या बाळाला आता ०.१ मिलिलिटर मिळेल.

रोज का नाही, याचं कारण कुपीत आहे. लशीची वाळवलेली पूड गडद काचेच्या कुपीत येते, कारण उजेडाने ती बिघडते. द्रावण घालून कालवली, की चार तासांत वापरायची. उरली तर फेकायची. ती उद्यासाठी ठेवणं धोक्याचं असतं. एका कुपीत साधारण दहा बाळांचे डोस. जिथे दिवसाला एक-दोन बाळंतपणं होतात ते प्रसूतिगृह आठवड्यातला एक वार ठरवून बाळं एकत्र बोलावतं. त्यांचं चुकतं असं नाही, पण घरी गेलेलं बाळ परत येणं घरच्यांवर सोडलं जातं आणि तिथेच डोस राहतो. उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय किंवा तुमच्या अंबरनाथचं छाया रुग्णालय अशा सरकारी ठिकाणी लसीकरणाचे वार आणि वेळ विचारून घ्या, किंवा तुमच्या भागातल्या आशाताईंना विचारा. पैसे लागत नाहीत.

सव्वा महिन्याबद्दल. बाळाला गर्दीपासून आणि परक्या माणसांच्या आजारांपासून जपायचं, हा त्यामागचा हेतू मला मनापासून पटतो. पण टीबीचा जंतू दाराबाहेर उभा नसतो. तो घरात राहणाऱ्या, बाळाला मांडीवर घेणाऱ्या खोकणाऱ्या माणसाकडून येतो. लशीसाठी सकाळी तासभर बाहेर नेलेल्या बाळाला जेवढा धोका आहे, त्याहून जास्त धोका बारशाला बंद हॉलमध्ये हातोहात फिरलेल्या बाळाला आहे. सव्वा महिना जरूर पाळा, लशीची वारी त्यातून वगळा.

माहेरी बाळंतपण झालं, तिथल्यांना वाटलं सासरी टोचतील, सासरच्यांना वाटलं माहेरी टोचलं असेल, असंही वारंवार घडतं. दोन गावांच्या मध्ये बाळाचा डोस हरवतो. माहेराहून निघताना बाळाच्या झबल्या-टोपड्यांबरोबर माता-बाल संरक्षण कार्ड पिशवीत आहे का, हे तपासायची जबाबदारी घरातल्या एका माणसाने घ्यावी. ती बाबाने घेतली तर उत्तमच.

प्रश्न : तीन महिन्यांच्या मुलाच्या डाव्या काखेत छोटी गाठ लागते. बीसीजीनंतर आली. कापावी लागेल का?
— एक आई, बदलापूर (पश्चिम)

उत्तर : बहुतेक नाही. लस जिवंत जंतूची असल्यामुळे जवळची गाठ कधीकधी थोडी सुजते. दीड सेंटिमीटरपेक्षा लहान, न दुखणारी, वरची कातडी लाल नसलेली गाठ नुसती बघत राहायची. ती काही महिन्यांत बसते. चोळू नका, शेकू नका. वाढत चालली, मऊ पडली, लाल झाली किंवा बाळाला ताप आला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सरसकट टीबीची औषधं सुरू करण्याची गरज नसते. एक अपवाद महत्त्वाचा : बाळाच्या प्रतिकारशक्तीत जन्मजात दोष असेल किंवा त्याला एचआयव्हीचा संसर्ग असेल, तर जिवंत जंतूची ही लस घातक ठरू शकते. आधीचं एखादं मूल तान्हेपणी अनाकलनीय संसर्गाने दगावलं असेल, तर लस देण्यापूर्वीच डॉक्टरांना तसं सांगा.

प्रश्न : मुलगी-जावई लंडनला असतात. तिथे बाळ व्हायचंय. म्हणे तिकडे बीसीजी देतच नाहीत. खरं का?
— एक आजोबा, अंबरनाथ (पूर्व)

उत्तर : सरसकट देत नाहीत, पण तुमच्या नातवंडाला देतील. ज्या देशात दरवर्षी लाखामागे ४० किंवा त्याहून अधिक लोकांना टीबी होतो, अशा देशात आई-वडील किंवा आजी-आजोबा यांच्यापैकी कुणाचा जन्म झाला असेल, त्या बाळाला ब्रिटनमध्ये बीसीजी देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये भारतातलं हे प्रमाण लाखामागे १९५ होतं. म्हणजे तुमच्या एकट्याच्या जन्मगावावरही तुमचं नातवंड पात्र ठरतं. मुलीला तिथल्या सुईणबाईंकडे आधीच नोंद करायला सांगा. अमेरिकेत मात्र टीबी कमी असल्याने ही लस क्वचितच देतात. तिथून तान्ह्या बाळाला घेऊन कुणी मोठ्या मुक्कामाला इकडे येणार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं.

प्रश्न : माझ्या मिस्टरांना फुप्फुसाचा टीबी निघाला आहे. ते शिलाईच्या कारखान्यात कामाला आहेत. औषधं चालू होऊन आठ दिवस झाले. आमची एकच खोली आहे. मुलगा तीन वर्षांचा, मुलगी आठ महिन्यांची. दोघांना बीसीजी दिली आहे. सासूबाई म्हणतात, मुलांना गावी पाठवून दे. काय करू?
— एक भगिनी, उल्हासनगर, कॅम्प ५

उत्तर : ताई, तुमचं पत्र शेवटी घेतलं, कारण वरचं सगळं लिहिलं ते शेवटी तुमच्यासारख्या घरासाठी आहे. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरात सुमारे तेरा चौरस किलोमीटरमध्ये पाच लाखांवर माणसं होती. लष्कराच्या बराकींना फळ्या-पत्रे मारून पाडलेल्या खोल्यांत इथल्या पिढ्या वाढल्या. खिडकी नसलेली खोली आणि दार लावून चालणारा कारखाना, दोन्ही ठिकाणी टीबीच्या जंतूला हवं तेच मिळतं. यात तुमचा किंवा तुमच्या मिस्टरांचा काही दोष नाही.

मुलांना आत्ता गावी पाठवू नका. मिस्टरांचं निदान होण्याआधी ते बरेच दिवस खोकत असणार, आणि मुलं त्याच हवेत होती. जंतू गेला असेल तर तो गेलेला आहे. गावी पाठवून तो परत येत नाही. एवढ्या लहान मुलांना आजार व्हायचाच झाला तर बहुतेक वेळा संसर्गानंतरच्या पहिल्या वर्षातच होतो. तो गावी सुरू झाला, तर तिथल्या डॉक्टरांना घरात टीबी होता हे कदाचित कुणी सांगणारही नाही.

त्याऐवजी असं करा. ज्या दवाखान्यातून मिस्टरांची औषधं मिळतात तिथेच दोन्ही मुलांना घेऊन जा आणि ‘घरात टीबीचा पेशंट आहे, मुलं पाच वर्षांच्या आतली आहेत’ असं सांगा. ते मुलांचं वजन बघतील, ताप-खोकल्याची चौकशी करतील, गरज वाटली तर एक्स-रे काढतील. आजार निघाला तर पूर्ण उपचार. निघाला नाही, तरी मोकळ्या हाताने परत येऊ नका. अशा मुलांना टीबी होऊ नये म्हणून प्रतिबंधक औषध देतात. नेहमीचं म्हणजे आयसोनियाझिड, वजनाप्रमाणे, रोज एकदा, सहा महिने. दोन वर्षांवरच्या मुलांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायचं बारा आठवड्यांचं औषधही आहे. तुमच्या मुलाला कोणतं ते डॉक्टर ठरवतील. मिस्टरांचा टीबी नेहमीच्या औषधांना दाद न देणारा असेल तर मुलांचा बेतही बदलतो, म्हणून त्यांच्या तपासणीचा कागद बरोबर न्या. बीसीजी झाली आहे म्हणून हे औषध टाळायचं नसतं. इथे बऱ्याच घरांची चूक होते : लस दिली, आता काळजी नाही, असं समजून मूल तपासायलाच नेत नाहीत. हसतं-खेळतं मूल बघून औषध मध्येच बंदही करतात. सहा महिने म्हणजे सहा महिने.

मुलीला अंगावर पाजत असाल तर पाजत राहा. दुधातून टीबी जात नाही. मिस्टरांनी औषध एक दिवसही चुकवू नये. औषध लागू पडलं, की काही आठवड्यांत त्यांच्यापासून होणारा धोका झपाट्याने उतरतो. तोवर त्यांनी घरात तोंडाला मास्क किंवा रुमाल बांधावा, दाराजवळ, जिथे हवा खेळते तिथे झोपावं, मुलीला छातीशी धरून झोपवू नये. दिवसा दार उघडं ठेवा. ताट-वाटी वेगळी करण्यात शक्ती घालवू नका. हा आजार भांड्यातून पसरत नाही, हवेतून पसरतो.

आणि जेवण. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात टीबीच्या पेशंटच्या घरच्यांना जास्तीचं धान्य, डाळ आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्या घरांत नव्याने टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. हे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. नोंदणी झालेल्या पेशंटला ‘निक्षय पोषण योजने’तून महिन्याला १,००० रुपये थेट खात्यात मिळतात, नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० वरून वाढली आहे. मिस्टरांचा खाते क्रमांक दवाखान्यात दिला आहे ना, बघा. त्या पैशांतून डाळ, अंडी, शेंगदाणे, दूध घरात येऊ द्या, मुलांच्याही ताटात.

कारखान्यात त्यांच्या बाजूला बसणाऱ्यांपैकी कुणी दोन आठवड्यांहून अधिक खोकत असेल, तर त्याने थुंकी तपासून घ्यावी. टीबीची तपासणी, औषधं आणि मुलांचं प्रतिबंधक औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतं. कुठे जायचं कळत नसेल तर क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमाची मोफत मदतवाहिनी आहे : १८००-११-६६६६. ताई, उत्तर छापून येईपर्यंत तुम्ही थांबला असाल, तर आता थांबू नका. उद्या सकाळी दोन्ही मुलांना घेऊन निघा.